वाघजाईच्या राईत चार दिवस

ईरा, नील,

तुमच्या शाळेचा तो मोठा तक्ता तुमच्या आईने मला फोनवर दाखवला, त्याला आता चार महिने झाले. जगातल्या प्रमुख परिसंस्था: जंगल, गवताळ प्रदेश, वाळवंट, टुंड्रा, पाणथळ जागा, समुद्र. प्रत्येकीपुढे तीन रकाने. उपयोग, धोके, संवर्धन. ईराने विचारलं होतं, "आजी, तू यातल्या कशात राहतेस?" मी म्हटलं, "मी तुंगार्लीत राहते," आणि तुम्ही दोघं हसलात.

मग मी तुम्हाला वाघजाईच्या राईबद्दल सांगितलं. आंदर मावळातल्या एका गावाची ती देवराई. देवीच्या नावाने राखलेलं जुनं रान. तिथे गारंबी नावाची वेल आहे, अजगरापेक्षा जाड, आणि तिची शेंग नीलच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब, हे ऐकून नीलचा विश्वास बसेना. तेव्हा मी माझ्या टेबलावरचं गारंबीचं बी कॅमेऱ्यासमोर धरलं. चपटं, तपकिरी, गुळगुळीत, घड्याळाच्या तबकडीएवढं. कागद उडू नयेत म्हणून मी ते तीस वर्षं वापरते आहे. "तू इकडे आलास की तुला ती वेल दाखवीन," असं मी नीलला कबूल केलं होतं.

ते आता जमणार नाही. का जमणार नाही, ते तुम्हाला कुणीतरी नीट, क्रमाने सांगायला हवं, म्हणून परत आल्यावर हे लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही जड नव्हतं. पण हौसाबाई इंग्रजीत बोलत नाही, आणि यातलं महत्त्वाचं बोलणं सगळं तिचं आहे. अडलं तर आई वाचून दाखवील.

सोमवार. तुंगार्लीहून आंदर मावळ

हौसाबाई आमच्या शाळेची मावशी. मी लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा घंटा ती द्यायची. निवृत्त झाल्यावर ती आपल्या गावी परत गेली. होळी होऊन आठवडा झाला असेल, तिचा फोन आला.

"बाई, उद्याच्याला मंगळवारी कौल हाय. राईत देऊळ बांदत्यात. राई बगायची आसंल तर आजच या. मागनं येऊन काय बगनार?"

कौल म्हणजे देवीला विचारणं. देवीच्या पाषाणाला पाणी लावून गुरव त्यावर दोन बाजूंना तांदळाचे दाणे चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गावाचे मोठे प्रश्न अजून असे सोडवतात.

मी पिशवी भरली. दोन साड्या, औषधं, विजेरी, पाण्याची बाटली, वही. अर्ध्या तासात निघाले. टाकव्यापर्यंत बस मिळाली. पुढची बस दुपारी होती, ती आलीच नाही. शेवटी दुधाच्या टेंपोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मांडीवर त्याची जेवणाची पिशवी होती. तिच्यातलं लोणचं गळून माझ्या साडीवर तेलाचा डाग पडला. ड्रायव्हर एवढा ओशाळला, की त्याने मला गावाच्या अलीकडच्या फाट्यावर न सोडता थेट चढापर्यंत पोचवलं. डाग अजून गेलेला नाही.

रस्त्याच्या एका अंगाला धरणाचं पाणी होतं, फाल्गुनातच काठ सोडून बरंच आत गेलेलं. दुसऱ्या अंगाला डोंगर काळे. वणव्याने गवत जळून गेलं होतं. माझ्या शाळेच्या पुस्तकात अशा उतारांना पडीक म्हटलेलं असे आणि मीही तसंच शिकवलं. आता कळतं की पावसाळ्यानंतर त्या गवतात जेवढ्या जातींची फुलं येतात तेवढी तुंगार्लीच्या सगळ्या बंगल्यांच्या बागांत मिळून नसतील. काही उतारांवर तारेची कुंपणं होती. आत घर नाही, फक्त लोखंडी फाटक, दोन ओळी परदेशी ताडांच्या आणि हिरवळीवर फिरणारा पाण्याचा फवारा. टेंपोवाला म्हणाला, "मालक वर्सातनं दोनदा येत्यात. बाकी टायमाला पाणी मारायचं काम आमच्या मेव्हन्याकडं."

खाचरांतून धूर निघत होता. भाताची रोपं करायच्या जागेवर लोक पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, शेण पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. सगळ्या डोंगरावरच्या ऐनांचे हात त्यासाठी दरवर्षी छाटले जातात. राईतल्या ऐनाला मात्र आजवर कुणी कोयता लावला नव्हता.

हौसाबाई चढाच्या टोकाला उभी होती. सत्तरी ओलांडली आहे, पण पाठ ताठ.

"आलात! मला वाटलं बंगल्यातलं मानूस, हितवर कसलं येतंय."

"माझा बंगला नाही, हौसाबाई. दोन खोल्या आहेत."

"तुंगार्लीत ऱ्हाता मंजी बंगलाच."

तिने सामान ठेवू दिलं नाही, आधी राईकडेच नेलं. "उजेड हाय तवर बगून घ्या."

राईच्या तोंडाशी दोन दगड आहेत. तिथे वहाणा काढायच्या. नील, तुमच्याकडे आले होते तेव्हा आपण ते जुनं जंगल बघायला गेलो होतो. तिथे लाकडी पायवाट होती आणि दर वीस पावलांवर पाटी: वाट सोडू नका, पान तोडू नका. इथे एकही पाटी नाही. इथे पडलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलत नाहीत. मेलेलं झाड उभ्याउभ्या कुजतं, त्यावर अळंबी येतात, मग ते पडतं, मग त्याची माती होते. असं किती शतकं चाललं होतं, कुणालाच ठाऊक नाही.

आत गेलं की पायांना आधी कळतं. बाहेर तापलेला मुरूम, आत ओला पाला, घोट्यापर्यंत. अंजनी फुलली होती. निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके थेट खोडाला चिकटलेले. हिरडे, जांभळं, आणि मधोमध तो बेहडा. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारा. गारंबी खालच्या अंगाने, झऱ्याच्या बाजूने यायची, जमिनीवर दोनदा वेटोळं घालायची आणि बेहड्यावर चढून त्याच्या शेंड्यातून पलीकडच्या झाडांवर जायची. वर शेंगा लोंबत होत्या. बेहड्याच्या फाट्यात शेकरूचं घरटं होतं. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, मांजराएवढी मोठी खार. ती शेंड्याशेंड्यानेच फिरते. जमिनीवर सहसा उतरत नाही, हे मी मुलांना दरवर्षी शिकवायची.

राईच्या खालच्या टोकाला उंबर आहे आणि त्याच्या मुळांतून झरा येतो. हौसाबाईची वस्ती, सात-आठ घरं, त्या झऱ्यावर जगते. वरच्या आळीत नळ आहेत, पण उन्हाळ्यात त्यांना पाणी नसतं. झऱ्याला असतं. हौसाबाईने हंडा लावला, पदराच्या गाठीतली मिस्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, काढली आणि दातांना लावत बसली. तिची मिस्री लावून होईपर्यंत हंडा भरला.

"बगा," ती चूळ भरून म्हणाली. "माजी सासू बी आसंच मोजायची. एक मिस्री, एक हंडा. पाऊस कमी होऊ द्या, जास्ती होऊ द्या. वरची राई पानी धरती आन् हितं सोडती. देऊळ झाल्यावर काय सोडंल?"

परत फिरलो तर दोन दगडांपाशी माझी एकच चप्पल होती. दुसरी कुत्र्याने नेली होती. हौसाबाईच्या मयत नवऱ्याच्या वहाणा घालून मी त्या गावात पुढचे तीन दिवस काढले. माझ्या पावलाला त्या चार बोटं मोठ्या होत्या. येणारीजाणारी पोरंबाळं मागून हसत होती.

संध्याकाळी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भोकराचं लोणचं. "सुकट न्हाई केलं तुमच्यासाटी," हौसाबाई म्हणाली. "शेजारनं वास आला तर नाक धरू नका, त्यास्नी कळतं."

जेवणं व्हायच्या आधी दत्ता आला. दत्ता हा हौसाबाईच्या दिराचा मुलगा. शाळेसाठी तिच्याजवळ लोणावळ्याला राहायचा, म्हणजे माझा विद्यार्थी. आता तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि देवळाच्या कमिटीचा म्होरक्या. दारातच वाकून त्याने माझ्या पायांना हात लावला.

"बाई! मला वाटलं काकी थापा मारतेय."

"दत्ता, राई तोडताय?"

"सगळी नाही हो बाई. सभामंडपापुरती. आन् वाटेपुरती. गाडी देवळापर्यंत यायला नको? म्हाताऱ्या माणसांनी काय उड्या मारत यायचं?"

"हौसाबाई जाते की रोज."

"काकीचं काय सांगता! काकी शेळी आहे."

"शेळी तर शेळी," हौसाबाई चुलीपासून म्हणाली. "शेळीला बी पानी लागतं."

तो हसला, मग गंभीर झाला. खरंच सांगते मुलांनो, तो वाईट माणूस नाही. त्याने मोबाइलवर शेजारच्या गावांची देवळं दाखवली. स्लॅब, फरशी, कळस. "आणि आमची आई बघा. पालापाचोळ्यात बसलीय. वर छप्पर नाही. जत्रेला पाव्हणे येतात, विचारतात, देवीचं एवढंही नाही केलं? मान खाली जाते, बाई." जागेचं, परवानगीचं मी विचारलं. सगळं झालंय, म्हणाला.

मी म्हटलं, "लहानपणी तूच मला सांगायचास ना, राईतली काडी मोडली तर देवी कोपते?"

"तेच तर. आठवतंय का तुम्हाला? सहावीत निबंध होता, माझे गाव. त्यात मी ते लिहिलं होतं. तुम्ही समासात लाल शाईनं लिहिलंत, 'ही अंधश्रद्धा आहे. कारण दे.'" तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता. "मला कारण सापडलं नाही. मग सुट्टीत आलो तेव्हा मुद्दाम एक फांदी मोडली. दिवसभर वाट बघितली. काहीच झालं नाही. तेव्हापासून भीती गेली बघा. तुमचे उपकार आहेत, बाई."

मला तो निबंध आठवत नाही. पण 'कारण दे' हे शब्द माझेच. वर्षानुवर्षं प्रत्येक वहीत मी ते लिहिले. आणि दत्ताची वही परत देताना त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते माहीत नव्हतं. मी ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं जंगल पाण्याचं चक्र कसं चालवतं ते फळ्यावर काढून दाखवायची. वर्गातल्या एका मुलाच्या गावामागे तेच चालू आहे, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

हौसाबाईने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मला ती खाववली नाही.

मंगळवार. कौल

सकाळी नऊच्या सुमाराला राईत गाव जमलं. दोन दगडांपाशी वहाणांचा ढीग. वाघजाईचा पाषाण बेहड्याच्या मुळाशी, शेंदराने माखलेला, गुडघ्याएवढा. गुरव आबा ऐंशीच्या पुढचे, एका डोळ्याने अधू. ते पाषाण धूत होते.

मी हात वर केला. बोलू का म्हटलं. दत्तानेच सगळ्यांना गप्प केलं. "माझ्या बाई आहेत. ऐका."

मी बोलले. ओला पाला पाणी कसा धरतो, मुळं ते जमिनीत कसं उतरवतात, झरा वैशाखातही का आटत नाही. राईतला मध, हिरडा, राईतले पक्षी आणि त्यांनी खाल्लेले खाचरातले किडे. तुमच्या तक्त्यातला उपयोगाचा रकाना मी भरत होते, ईरा. दहा मिनिटं, सोप्या शब्दांत. लोक फार आदराने ऐकत होते. संपल्यावर एक आजोबा म्हणाले, "बाई लय ग्वाड बोलल्या." मला बसायला घोंगडी दिली आणि चहा आणला.

दत्ता हळूच म्हणाला, "पटतं, बाई. पण आता पाइपलाइन येणार आहे."

सहावीत त्याला न सापडलेलं कारण मी त्याला त्याची तिशी उलटून गेल्यावर दिलं. तोवर त्याची गरज उरली नव्हती.

आबांनी पाषाणावर दाणे लावले. दत्ताने प्रश्न विचारला, मोठ्याने, डोळे मिटून. "आई, गाव तुला पक्कं देऊळ बांधतंय. तुझी मर्जी असंल तर उजवा दे."

उजवा दाणा लगेच पडला. चांगभलंचा घोष झाला, शेकरू वरून चिरकत पळाली. बायकांनी हात जोडले. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं ते. तुमच्या तक्त्यात धोक्याच्या रकान्यात कुऱ्हाड काढलेली आहे, कारखान्याची चिमणी काढलेली आहे. असे जोडलेले हात काढलेले नाहीत.

"झाडं तोडू का, आसं इचारलंच न्हाई कुनी," हौसाबाई माझ्या शेजारी पुटपुटली. मग ती उठली.

"आबा, आजून येक कौल लावा."

गलका थांबला. "बाया कौल लावीत न्हाईत, हौसे," आबा म्हणाले.

"मी कुटं लावते? लावा तुमी. इचारते मी."

"काकी, झालं ना आता," दत्ता म्हणाला. "उद्या सकाळी मशीन येतंय."

"मशीनला न्हाई इचारत. आईला इचारते."

कुणीतरी हसलं. आबांनी हसणाऱ्याकडे पाहिलं आणि पाषाणाला पुन्हा पाणी लावलं. हौसाबाई पदर खोचून समोर उभी राहिली. भजन म्हणावं तशी नाही, शाळेत पोरांना दटावायची त्या आवाजात म्हणाली, "आई, झऱ्यावरली झाडं तुजी असतील तर उजवा दे. यांची असतील तर डावा दे. काय ते येकदा सांग."

आबांनी दोन दाणे लावले. मी अगदी जवळ, घोंगडीवर बसले होते. पहिल्या वेळी त्यांनी दाणे नुसते टेकवले होते. या वेळी त्यांचा अंगठा प्रत्येक दाण्यावर थोडा जास्त थांबला.

दाणा पडेना. ना उजवा, ना डावा. लोक बघत राहिले. कुणी खोकलं, कुणाचं पोर रडलं, बाया त्याला घेऊन बाजूला गेल्या. दत्ताने दोनदा घड्याळ पाहिलं. पानांतून आलेला उन्हाचा तुकडा पाषाणावरून सरकत खाली मातीवर गेला. पाणी वाळलं तरी दाणे शेंदराला तसेच चिकटलेले.

शेवटी आबा कमरेवर हात ठेवून उठले. "आई बोलत न्हाई. ती बोलत न्हाई तवर झऱ्यावरल्या झाडाला हात लावायचा न्हाई. आसाच रिवाज हाय."

"आबा, अहो पण वाट तिथूनच—"

"वाट वरनं न्या. रिवाज हाय म्हनलं ना, दत्त्या."

दत्ता माझ्याकडे वळला. माझ्याकडून त्याला काय हवं होतं, ते मला कळलं. मी वहीत 'कारण दे' लिहिणारी बाई. दाणा का पडला नाही, याचं कारण मी सांगू शकले असते. मला दिसलं होतं.

मी चहाचा पेला खाली ठेवला. त्या वेळी मी कारण मागितलं नाही.

बुधवार

मशीन सकाळी आलं. त्याला आत घालायला दोन दगड उपटून बाजूला ठेवले. करवतवाले बूट घालून आत गेले.

मी परत जायला निघाले होते, पण हौसाबाई म्हणाली, "बसा माज्यासंगं." आम्ही झऱ्यापाशी, उंबराखाली बसून राहिलो. तिथून दिसत सगळं नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. आधी हिरडे गेले. मग जांभळं. प्रत्येक झाड पडताना आधी वर काहीतरी फाटल्यासारखं होई आणि मग पायांखालची जमीन हलल्यासारखी वाटे. बेहड्याला दुपार झाली. गारंबीने त्याला शेजारच्या चार झाडांशी बांधून ठेवलं होतं, त्यामुळे तो तोडूनही पडेना. म्हणून त्यांनी वेल मधेच कापली. बेहडा पडला तेव्हा इतका उजेड आत आला की आम्ही दोघींनी एकदम डोळ्यांवर हात घेतला.

मग शेकरू दिसली. ती जमिनीवर होती. मोकळ्या झालेल्या तांबड्या मातीतून, करवतवाल्यांच्या पायांमधून, ती पळत येत होती, मधेच थांबत होती, वर चढायला काही शोधत होती. पळायची सवय नव्हती तिला. झऱ्यापर्यंत आली आणि उंबरावर चढली.

"हितं तरी हाय कायतरी," हौसाबाई म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

पडलेल्या फांद्यांत गारंबीच्या शेंगा होत्या. पोरं त्या तलवारीसारख्या एकमेकांवर उगारत होती. एक तुमच्यासाठी घ्यावी असं मला क्षणभर वाटलं. घेतली नाही. मागच्या खेपेला तुमच्या विमानतळावर माझं एक बी काढून घेतलं होतं. बाहेरचं बी आपल्या जंगलात येऊ नये म्हणून. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, जंगलाची एवढी काळजी करणारं कुणी राईच्या तोंडाशी बसलेलं असतं तर. पण इथे राखणीला फक्त भीती होती.

संध्याकाळी दत्ता आला, हातावर भुसा. बेहड्याच्या खोडाचा एक गोल तुकडा त्याने माझ्यासाठी आणला होता, पाटासारखा. "आठवण, बाई. वयाची वलयं मोजायला तुम्हीच शिकवलंत." मी तो घेतला. नाही म्हणायला हवं होतं का, अजून ठरवता आलेलं नाही. वलयं मी मोजलेली नाहीत.

गुरुवार. परत

पहाटे हौसाबाई पाण्याला निघाली, मीही तिच्याबरोबर गेले. मंडप आणि वरून नेलेली वाट धरून झऱ्यावरची झाडं सोडता सगळी राई गेली होती. तिथे आता मोकळं मैदान, मधे शेंदरी पाषाण, त्यावर तात्पुरता पत्रा. दोन दगड उपटलेले, कडेला पडलेले. ते पूर्वी जिथे होते तिथे येऊन हौसाबाई थांबली. हंडा कमरेवर सावरला आणि वाकून वहाणा काढल्या. समोर ना सावली, ना पाला, नुसता मुरूम. तिच्या लक्षात आलं असावं. तरी तिने त्या परत घातल्या नाहीत. मीही तिच्या नवऱ्याच्या वहाणा काढल्या आणि आम्ही खड्यांवरून अनवाणी झऱ्यापर्यंत गेलो.

तुंगार्लीला पोचले तेव्हा तळ्याच्या भिंतीवर माणसं भजी खात बसली होती. तळं नेहमीसारखं सुंदर दिसत होतं. मी प्रथमच त्याच्या वरच्या डोंगराकडे पाहिलं. तळ्यात पाणी कुठून येतं, हे मी तिथे राहून कधी पाहिलं नव्हतं. तिथेही कुंपणं आहेत.

वैशाख

काल हौसाबाईशी बोलले. देवळाचा चौथरा झाला आहे. पाइपलाइन अजून आलेली नाही. दत्ता तिच्याकडे दोन हंडे पाणी मागायला आला होता, सिमेंटवर मारायला. तिने एक दिला. "दुसरा मागाया तोंड वर कर म्हनलं, तर केलं न्हाई त्यानं," ती म्हणाली. कमिटीत झऱ्यावरच्या झाडांचा विषय दोनदा निघाला. आबांनी दोन्ही वेळा कौल लावला. दाणा पडला नाही.

आबा ऐंशीच्या पुढचे आहेत, हे मी वर लिहिलंच आहे.

ईरा, तुझ्या तक्त्यात अजून जागा असेल तर हे लिही. वाघजाईच्या राईत आज काय आहे, ते मी हौसाबाईला एकेक करून विचारलं आणि वहीत टिपून घेतलं. उंबर आहे. तीन जांभळं, दोन हिरडे, एक अंजनी आणि एक ऐन आहे. उंबरावर शेकरूने नवं घरटं केलं आहे. गारंबी मधे कापली होती, पण तिचं मूळ झऱ्याकडच्या अंगाला आहे. बुंध्याला बोटभर पालवी आली आहे.

झरा वाहतो आहे. हंडा भरायला आता दोनदा मिस्री लावावी लागते.